पडद्यामागचं पाणी

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

"घरी येऊन माझ्यावर ओरडण्यापेक्षा वहीवर ओरड," असं म्हणून माझ्या बायकोने, मंजुषाने, ही डायरी माझ्या हातात दिली होती. तिच्या जेएलटी भागातल्या ऑफिसात कुठल्याशा बँकेने वाटलेली. दीड महिना कोरीच पडून होती. आज मात्र लिहिण्यासारखं घडलंय.

आम्ही सेमीफायनल जिंकलो! अमेरिकन फुटबॉलची! आणि कोच कोण, तर दत्तप्रसाद, मुक्काम पोस्ट इस्लामपूर, ज्याने जन्मात कबड्डी आणि धावणं यांपलीकडे काही केलं नाही. मला अजून खरं वाटत नाहीये.

खेळाचं नाव फ्लॅग फुटबॉल. हे अमेरिकन फुटबॉलचं सोज्वळ भावंड. अंगावर झेपावायचं नाही, पाडायचं नाही. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन फिती लटकतात. चेंडू घेऊन पळणारीची एक फीत ओढली की तिची धाव संपली. हा खेळ ऑलिंपिकमध्ये येणार असं आमच्या प्रिन्सिपल साजिदा मॅडमना कळलं आणि मला बोलावणं आलं. "डीपी सर, आप कर लेंगे ना?" मी म्हटलं, "क्यों नहीं, मॅडम." चेंडू लांबोडका असतो हेसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हतं.

मग पहिल्याच आठवड्यात ट्यूब पेटली. अहो, ही तर कबड्डीच! चढाईला गेलेल्या गड्यासारखं कमरेने झुकांडी द्यायची, पाय एकीकडे आणि अंग दुसरीकडे. इथे आखातात, ऊद मेथा भागातल्या आमच्या भारतीय शाळेतल्या नववीच्या पोरींना मी तेच शिकवलं. इथल्या अमेरिकन शाळांतल्या पोरी नुसत्या बघत राहतात.

सगळ्यांत आधी हे जमलं ते हलिमाला. ही आमची कॅप्टन, मूळची दापोलीची. आई इथे एका दवाखान्यात नर्स, वडील फुजैराच्या बंदरात तेलाच्या टाक्यांवर. पोरगी माझ्याशी मराठीत बोलते. माझी स्वतःची मुलगी, मुग्धा, त्याच टीममध्ये आहे आणि ती मला "व्हॉटेव्हर, सर" म्हणते.

साजिदा मॅडमनी क्रीडाखोलीत एक फोटो लावलाय. शंभर वर्षांपूर्वीचा कुणी अमेरिकन कोच, डोक्यावर कॅप, गळ्यात शिट्टी, भोवती कातडी टोप्या घातलेली पोरं. म्हणे हिवाळ्याआधी फुटबॉल शिकवायचा आणि उन्हाळ्याआधी धावणं. सरावात पोरांना पाणी पिऊ द्यायचा नाही, म्हणजे ती कणखर होतात. मी आज जाताना त्याला सलाम ठोकला. माणूस आपल्या जातकुळीतला दिसतो.

फायनल २२ मार्चला, फुजैराला, दुपारी चार वाजता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शनिवारपासून रमजान लागेल म्हणतात. म्हणजे फायनल रोज्यात येणार. हे माझ्या डोक्यात आजपर्यंत आलंच नव्हतं!

दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि चार वाजता मैदानात. टीममधली सबाही रोजे धरते, पण ती तशीही राखीव खेळाडू आहे. प्रश्न हलिमाचा. खूप विचार केला आणि सरावानंतर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हलिमा फायनलला बाहेर बसेल. तिच्या भल्यासाठी."

हलिमा म्हणाली, "सर, मी सातवीपासून रोजे धरते. गेल्या वर्षी रोजा धरूनच चारशे मीटर धावले होते."

"तेव्हा मी कोच नव्हतो," मी म्हटलं. "हे बघा, पंचवीस वर्षं मैदानात काढलीत. पोरीचा चेहरा बघितला की मी सांगतो, रात्री किती झोपली आणि सकाळी काय खाल्लं. उपाशी खेळाडू मला शंभरात ओळखू येतो. टीमला त्याचा फटका बसतो."

"सर, फायनल फुजैराला आहे," ती म्हणाली. "अब्बा येणार आहेत. त्यांनी मला कधी खेळताना बघितलं नाहीये. दर वेळी ड्यूटी असते."

मला वाईट वाटलं. पण कोचने पाघळून चालत नाही. मी म्हटलं, बेंचवर बसलेलीही टीममध्येच असते. यावर सृष्टी, आमची सगळ्यांत वात्रट पोरगी, म्हणाली, "सो यू कॅन ऑलवेज टेल, सर? बाय द फेस?"

"ऑलवेज," मी म्हटलं.

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. घरी येताना गाडीत मुग्धा कानात इअरफोनची ती बोंडकं खुपसून बसली होती.

३ मार्च, सोमवार

रमजानचा पहिला सराव. शाळा लवकर सुटते, म्हणून सराव चारला ठेवलाय. फायनलचीच वेळ, सवय होईल.

उपास नसलेल्या पोरींसाठी मी चोख व्यवस्था केली. रोजेदारांसमोर कुणी पाणी पिऊ नये, ही इथली रीत आहे आणि ती मी कसोशीने पाळतो. साहित्याच्या खोलीला पडदा लावला. आत पाण्याच्या बाटल्या आणि केळ्यांची फणी. दर वीस मिनिटांनी शिट्टी मारतो. हलिमा आणि सबा बाहेर थांबतात, बाकीच्या पडद्याआड जाऊन पाणी पिऊन, केळं खाऊन येतात. साजिदा मॅडम स्वतः बघून गेल्या. म्हणाल्या, "डीपी सर, यू आर सो थॉटफुल." मला संकोच वाटला, पण खरं आहे ते.

६ मार्च, गुरुवार

घरात एक सुखद धक्का. मुग्धा पहाटे उठून अभ्यास करते! वार्षिक परीक्षा चालू आहे, पण ही पोरगी आणि पहाट यांची आजवर तोंडओळख नव्हती. मंजुषा म्हणते, फजरच्या अजानीआधी उठून खाऊनपिऊन बसते पुस्तक घेऊन. मंजुषाही तिच्यासोबत उठते. मी झोपलेलाच असतो. सकाळी बघितलं तर आदल्या दिवशीचा उपमा साफ, दूधही संपलेलं. अभ्यासाने भूक लागते.

मंजुषाला मात्र अ‍ॅसिडिटी झालीये. सकाळचा चहा बंद केलाय तिने. गेली अठरा वर्षं आम्ही सकाळी समोरासमोर बसून चहा पितो. आता ती नुसती बसते आणि मी पितो. डबाही नेत नाही, म्हणते ऑफिसात रमजानमध्ये कोणी खात नाही, बरं दिसत नाही. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. म्हणाली, "महिनाभरात बरं होईल."

१० मार्च, सोमवार

आज माझं डोकंच फिरलं. काय झालंय या पोरींना? पहिली वीस मिनिटं ठीक, मग पाय ओढत पळतात. सृष्टीने तीन वेळा सोपा चेंडू सोडला. मी विचारलं, रात्री मोबाइल बघत बसता का? सगळ्या जमिनीकडे बघतात. हलिमा, जिला खरं तर थकायला हवं, तीच सगळ्यांत ताजी! बाकीच्यांना हळू आवाजात सांगत होती, "नाकाने श्वास घ्या. तोंड मिटून ठेवा, घसा सुकत नाही." मी ऐकलं आणि म्हटलं, बघा, उपाशी पोरगी तुम्हाला धडे देतेय, लाज वाटू द्या. आणि सगळ्यांना मैदानाच्या चार जादा फेऱ्या लावल्या. हलिमाला आणि सबाला माफ.

मुग्धाला सहा. कोचची मुलगी म्हणून कुणी बोट दाखवायला नको.

केळी तशीच्या तशी परत येतात. काळी पडतात बिचारी. मैदान सांभाळणारा हमदुल्ला ती इफ्तारला घेऊन जातो. आज मला म्हणाला, "सर, आपकी बच्चियाँ बहुत नेक हैं." मी म्हटलं, नेक आहेत, पण सुस्त आहेत.

निघताना फोटोतल्या कोचकडे बघितलं. पाण्याशिवाय पोरं पळवायचा पठ्ठ्या. आणि इथे मी पाणी, केळी, पडदा सगळं पुरवूनही हा प्रकार.

१३ मार्च, गुरुवार

होळी. मंजुषाने ऑफिसातून लवकर येऊन पुरण घातलं. मी दुपारीच ताटलीत जरासं मागितलं, मुग्धालाही म्हटलं, चाखून बघ. "नंतर, बाबा." पुरणाला ही पोरगी नंतर म्हणते! डाएटचं खूळ शिरलंय का, असं मंजुषाला विचारलं, तर म्हणाली, "नैवेद्य होऊ दे आधी." बरोबर आहे तिचं.

संध्याकाळी खालच्या मशिदीची अजान झाली आणि दोघी जेवायला बसल्या. बाप रे! मुग्धा आधी तांब्याभर पाणी प्यायली आणि मग एकामागून एक पोळ्या. मंजुषाही तिच्या बरोबरीने. मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी कुठे गेली तुझी? दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मला फार बरं वाटलं. मायलेकींचं अलीकडे छान जमतं.

जेवताना हलिमाचा विषय मुग्धानेच काढला. "बाबा, जर हलिमाने दाखवून दिलं की ती खेळू शकते, तर?"

"काय दाखवणार?"

"यू टेल अस. एनी टेस्ट."

पोरगी मैत्रिणीसाठी भांडते, हे मला आवडलं. तेव्हाच माझ्या डोक्यात कल्पना आली. पण ती आत्ता नाही सांगत. शनिवारी सरावात सांगेन.

१५ मार्च, शनिवार

मुग्धाला रशीद हॉस्पिटलसारख्या त्या भल्या मोठ्या ठिकाणी नाही नेलं, जवळच्याच एका दवाखान्यात नेलं. आत्ता मुग्धा झोपलीये. मंजुषा तिच्याजवळ आहे. मी बाहेर बाकावर बसून लिहितोय, कारण नुसतं बसवत नाही.

सरावाला मी जाहीर केलं. हलिमाला न्याय मिळेल. चारशे मीटरची शर्यत. एक पोरगी रोजेदार, एक भरल्या पोटाची. हलिमा बरोबरीत आली तरी ती फायनल खेळेल. आणि पक्षपात नको म्हणून तिच्याविरुद्ध माझी स्वतःची मुलगी पळेल.

मला वाटलं होतं हलिमा उड्या मारेल. तिचा चेहरा उतरला. "सर, मुग्धा नको," ती म्हणाली. "दुसरं कोणीही चालेल. नाही तर मला बाहेर बसवा. मला चालेल, सर."

मला वाटलं घाबरली. मी म्हटलं, "आता माघार नाही."

मुग्धा म्हणाली, "इट्स ओके, हलिमा. लेट्स डू इट."

शिट्टी मारली. पहिला अर्धा भाग दोघी खांद्याला खांदा लावून. मग मुग्धा मागे पडायला लागली. मला वाटलं, मुद्दाम हळू पळतेय, मैत्रिणीला जिंकवतेय. मला संताप आला. मी मैदानाच्या कडेने तिच्याबरोबर पळत ओरडायला लागलो, "नाटकं करू नकोस! पळ! मला कळत नाही का?" तिने माझ्याकडे बघितलं. आणि पळाली. अशी पळाली की शेवटच्या वळणावर हलिमाला तिने गाठलं. दोघी एकत्रच रेषेवर आल्या.

मुग्धा रेषा ओलांडून तशीच चार पावलं गेली आणि आडवी झाली.

मी म्हटलं, "ऊठ. पुरे झालं." हे मी म्हटलं. हे लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. पोटची पोर जमिनीवर पडली आणि मी म्हटलं, पुरे झालं.

हलिमा तिच्याजवळ गुडघ्यावर बसली आणि किंचाळली, "सर, पाणी! पाणी आणा!" मी पडद्यामागे पळालो. बाटल्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्या सीलबंद. एकही फोडलेली नव्हती. मी एक उचलली आणि धावत आलो, तेव्हाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होती. सलाईन लावताना तिने विचारलं, "इज शी फास्टिंग?"

मी म्हटलं, "नो, नो, डॉक्टर. वी आर हिंदू."

तिने रिपोर्टकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुग्धाला विचारलं. मुग्धाचे डोळे अर्धवट उघडे होते. ती म्हणाली, "सिन्स डे वन."

मला आधी शब्दच कळेनात. मग कळले. मी मंजुषाकडे वळलो. ती ऑफिसातून टॅक्सीने धावत आली होती. आज सुट्टी, पण राहिलेल्या कामासाठी गेली होती. मी तिच्यावर ओरडलो, त्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, "तुला काही कळलं नाही? आई ना तू?"

ती सलाईनच्या बाटलीकडे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "शर्यत लावलीस ते घरात का नाही बोललास?" आणि एकदम रडायला लागली. मी तिला इतकं रडताना कधी बघितलं नाही, तिचे वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाली, उद्या घरी सोडू. पण आता उपास नाही.

१६ मार्च, रविवार

मुग्धा घरी आली. भात-वरण खाल्लं. माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी सगळी टीम आली. आमच्या कराम्यातल्या घराच्या हॉलमध्ये जमिनीवर बसल्या. मी म्हटलं, "मुग्धाशिवाय आणखी कोण रोजे धरतंय?"

सगळ्यांनी हात वर केले.

सृष्टी. ती जैन आहे! बाकीच्याही. त्या केरळच्या दोघी, ज्या दर रविवारी चर्चला जातात, त्यांनीसुद्धा. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत होतो. याच पोरी पंधरा दिवस माझ्यासमोर पळत होत्या. यांनाच मी जादा फेऱ्या लावल्या होत्या.

"का?" मी विचारलं.

सृष्टी म्हणाली, "सर, यू सेड यू कॅन ऑलवेज टेल. फायनलच्या आदल्या दिवशी आम्ही लाइनमध्ये उभ्या राहणार होतो. अँड यू हॅड टु पिक. जी फास्टिंग आहे तिला बाहेर काढा. यू वुड पिक हलिमा. मग आम्ही सांगणार होतो."

"मी नको म्हणत होते, सर," हलिमा म्हणाली. ती दाराजवळ बसली होती, बूट न काढता, जणू लगेच निघायचंय. "मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हाला सवय नाही. ऐकेनात. मग मी पहाटे सहरीला काय खायचं ते शिकवलं. ओट्स, अंडं, खजूर. पण शर्यतीचं... सर, मी सांगायला हवं होतं. मी मुग्धाला वचन दिलं होतं, म्हणून..."

पंधरा वर्षांची पोर माझ्यासमोर रडत माफी मागत होती. मला शरमेने मान वर करवेना.

मग आतून मुग्धा आली, भिंतीला धरून. म्हणाली, "बाबा, सो? डज शी प्ले?"

मी हो म्हणालो.

१७ मार्च, सोमवार

फायनलच्या संयोजकांना फोन केला. म्हटलं, माझ्या मुली रोज्यात आहेत, सामना इफ्तारनंतर घेता आला तर बघा. पायाशी लोटांगण घालायचीही तयारी होती.

पलीकडून एक इजिप्शियन गृहस्थ हसले. "हबीबी, रमजानमध्ये आमच्या सगळ्या मॅचेस इफ्तारनंतरच असतात. फक्त तुमचीच दुपारी आहे. तुमच्या शाळेने मागितली होती ना? बस लवकर परत यायला हवी म्हणून. आम्हाला वाटलं तुमच्याकडे कुणी रोजा धरत नसेल. खलास, मिटलं, नऊ वाजता ठेवतो."

शाळेने म्हणजे मीच. जानेवारीत, नाव नोंदवताना, आमचे सगळे सामने दुपारीच ठेवा म्हणून. मला काही आठवलंसुद्धा नव्हतं.

फोन ठेवला. एका फोनचं काम होतं ते. साजिदा मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, मैं भी रोज़े से हूँ. आपने मुझसे क्यों नहीं पूछा?" मला वाटलं होतं नोकरी जाईल. त्यांनी फक्त पालकांना स्वतः फोन करायला सांगितलं. एकेका घरी फोन केला. सृष्टीच्या वडिलांनी झाडझाड झाडलं, ते मी ऐकून घेतलं.

क्रीडाखोलीतल्या फोटोपुढे उभा राहिलो. आज पहिल्यांदा त्या पोरांकडे बघितलं, कोचकडे नाही. शंभर वर्षांपूर्वीची पोरं, ओठ घट्ट मिटलेले. त्यांना कणखर म्हणायचं का तहानलेली, मला सांगता येईना. फोटो उतरवून कपाटात ठेवला.

२२ मार्च, शनिवार

डोंगर ओलांडून फुजैराला पोचलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. मी पोरींना सांगितलं होतं, ज्यांचा धर्म आहे त्यांनीच रोजा धरा. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. मी विचारलं नाही. मैदानाशेजारी सतरंजी घातली होती. अजान झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले. मुग्धा डॉक्टरच्या आज्ञेत आहे, ती बसमध्ये पाणी प्यायली होती, पण कुणाला दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे करून.

हलिमाचे अब्बा ड्यूटीवरून थेट आले, कामाच्या निळ्या कपड्यांत, हेल्मेट काखेत. मला म्हणाले, "सर, पोरीन लय तरास दिला नाय ना?"

मी म्हटलं, "त्रास मी दिला."

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मनापासून हसले.

आम्ही हरलो. शेवटच्या खेळीत हलिमा चेंडू घेऊन सुटली, दोघींना कमरेने फसवलं, आणि रेषेच्या अलीकडे तिसरीने फीत ओढली. मी डोक्याला हात लावला. तिचे अब्बा मात्र हेल्मेटवर थापा मारत होते, दणादण, जणू जिंकलोच. हलिमा धापा टाकत त्यांच्याकडे बघून हसत होती. मुग्धा बेंचवरून उठून तिच्या गळ्यात पडली.

परतीच्या बसमध्ये मुग्धा माझ्या शेजारी येऊन बसली. बोलली नाही. पण बसली.

३० मार्च, रविवार

आज गुढीपाडवा, आणि आजच ईद. काल चंद्र दिसला. एकाच दिवशी दोन्ही.

सकाळी बाल्कनीत आतल्या बाजूला गुढी उभारली, बाहेर लावली तर बिल्डिंगचा वॉचमन कटकट करतो. कडुनिंब चघळला. मग मंजुषा दोन कप चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. कप दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून तिने पहिला घोट घेतला.

मी म्हटलं, "अ‍ॅसिडिटी गेली वाटतं?"

"रमजान गेला," मंजुषा म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

ती शांतपणे सांगत होती. पहिल्या दिवशी पहाटे स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून ती उठली, तर मुग्धा थंड उपमा खात उभी. मुग्धाने तिला शपथ घातली, बाबांना सांगायचं नाही. "मी म्हटलं, एकटीला करू देणार नाही. करायचा तर दोघी. म्हणजे मला कळेल तिला किती झेपतंय ते. मला झेपत होतं रे. मी एसीत बसले होते. ती मैदानात पळत होती, सहा फेऱ्या, मला कुठे माहीत? तिने सांगितलं नाही, तू सांगितलं नाहीस." तिचा आवाज कापरा झाला. "ती पडली तेव्हा मला वाटलं, मीच मारलं तिला. मग तिचे राहिलेले रोजे मी पूर्ण केले."

मी तिच्याकडे बघत राहिलो. महिनाभर याच टेबलाशी, याच खुर्चीत ही बाई रोज सकाळी उपाशी बसली होती. मी हिच्यासमोर टोस्ट खात होतो. हिला चेहरा वाचण्याच्या गोष्टी सांगत होतो. त्या दवाखान्यात तिचे ओठ पांढरे दिसले, मी इथे लिहूनसुद्धा ठेवलंय, आणि मी तिच्यावर ओरडलो. तीही दिवसभर पाणी प्यायली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं.

"रागावला असतास," ती म्हणाली. "आधी चहा पी."

चहा तसाच राहिला. वहीवर ओरडावं म्हणून ही उघडली, तर ओरडायला आवाजच नाही.

मध्येच लिहिणं थांबवलं होतं. हलिमा आणि तिचे अब्बा शीरखुर्मा घेऊन आले होते, नवे कपडे, अत्तराचा वास. मंजुषाने त्यांना श्रीखंडपुरीला बसवलं. मी उसनं हसत होतो, अब्बांशी गळाभेट घेतली, "ईद मुबारक" म्हटलं, पाडव्याच्या शुभेच्छा घेतल्या. कुणाला काही जाणवू दिलं नाही, असं मला वाटत होतं.

हलिमा शीरखुर्म्याची वाटी घेऊन माझ्यापुढे आली आणि थबकली.

"सर, तुम्ही सकाळपासून काहीच खाल्लं नाही?"

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "चेहरा बघा ना तुमचा."

मी वाटी घेतली. सगळे बघत होते, म्हणून पहिला चमचा तिच्यासमोरच खाल्ला.